पिंपातले पाणी, गल्लीतला धूर

2021 च्या जुलैत सगळा महाराष्ट्र कोरोनाची तिसरी लाट कधी येते याकडे डोळे लावून बसला होता. त्याच वेळी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, बेलसरमध्ये माणसे दुसऱ्याच तापाने अंथरुणाला खिळत होती. कुणाचे सांधे धरले होते, कुणाच्या अंगावर पुरळ होते. पाच जणांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. त्यातले तीन चिकुनगुन्याचे निघाले. मग 27 ते 29 जुलैदरम्यान संस्थेचे पथक बेलसर आणि परिंचे या गावांत आले आणि 41 जणांचे रक्त घेऊन गेले. 25 जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंगी आणि पन्नाशीच्या एका महिलेला चिकुनगुन्याबरोबर झिकाही. राज्यातला झिकाचा हा पहिला नोंदलेला रुग्ण. अहवाल हाती आला तोवर त्या बाई खडखडीत बऱ्या झाल्या होत्या.

त्यानंतर व्हायचे ते सगळे झाले. कॅमेरे आले, केंद्राचे पथक आले. काही महिने गर्भधारणा टाळा, असे गावाला सांगण्यात आले आणि निरोध वाटले गेले. काही हजार वस्तीच्या गावात अशा विषयाची जाहीर चर्चा होणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको. जिल्हा प्रशासनाने 79 गावांची यादी काढली. आधीच्या तीन वर्षांत जिथे डेंगी-चिकुनगुन्याचे रुग्ण पुन्हा पुन्हा सापडले होते, ती ही गावे. पथके माघारी गेली, पाऊस संपला आणि यादी फायलीत गेली.

बेलसरमधली खरी बातमी झिकाची नव्हतीच. एका गावात, एकाच पावसाळ्यात तीन वेगवेगळे विषाणू सापडले आणि तिन्ही पसरवणारा डास एकच होता, ही ती बातमी. तो डास एकट्या बेलसरचा नव्हे. पुरंदरची शीव ओलांडली की दौंड लागते आणि भीमा ओलांडली की शिरूर. पाणी साठवायची रीत तिन्ही तालुक्यांत सारखीच, म्हणून डासही सारखाच.

या डासाला शास्त्रात एडिस इजिप्ती म्हणतात. काळा, पायांवर पांढरे पट्टे, अंगाने लहान. त्याच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले बरेचसे दुसऱ्याच डासाला लागू पडते. लोक म्हणतात, गटारामुळे डास झाले, उसामुळे झाले, कालव्यामुळे झाले. संध्याकाळी गोठ्यात गुणगुणणारा आणि रात्री कानाशी येणारा डास बहुधा क्युलेक्स असतो. त्याला घाण पाणी चालते, त्याच्यावर गटाराचा आरोप रास्त आहे. एडिस मात्र सोवळ्यातला. त्याला माणसाच्या घरातले, साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हवे. रांजण, सिमेंटची टाकी, निळे प्लास्टिकचे पिंप, कूलर, फ्रिजच्या मागची ताटली, कुंडीखालची थाळी, गच्चीवर पडलेला टायर. चावतो दिवसा, सकाळी ऊन चढताना आणि पुन्हा दिवस मावळायच्या आधी. माणूस मच्छरदाणी लावून झोपतो तेव्हा त्याचे काम उरकलेले असते. मच्छरदाणी लावूच नये असे नाही. दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला, तापाने पडलेल्या माणसाला ती भर दिवसा लावली पाहिजे आणि नेमकी तिथेच ती कुणी लावत नाही.

मादीच चावते, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते. ती एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, पण सगळी एका ठिकाणी नाही. थोडी या भांड्यात, थोडी त्या भांड्यात. शिवाय पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला. यातच खरी मेख आहे. पिंप रिकामे करून पालथे घातले तरी कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात आणि कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढले की अळ्या बाहेर येतात. उन्हाळ्याच्या दिवसांत अळीचा उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे नुसते ओतून भागत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासावे लागते. आरोग्य खाते वर्षानुवर्षे सांगत आलेला ‘कोरडा दिवस’ तो हाच. त्यातले घासणे तेवढे बहुतेक घरांत गळून जाते.

आता शिरूर आणि दौंडकडे पाहा. नकाशावर हे दोन्ही तालुके पाणीदार दिसतात. घोड, भीमा, मुळा-मुठा. चिंचणीला घोड धरण, चासकमानचा कालवा, खडकवासल्याचा कालवा. साखर कारखाने, गुऱ्हाळे, ऊस. पण शिरूरच्या पश्चिमेला केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईकडे किंवा दौंडच्या दक्षिणेला खोर, पडवी, कुसेगाव, देऊळगाव गाडा या पट्ट्यात गेले की उन्हाळ्यात पाण्याची गोष्ट वेगळी होते. दौंड शहराची तहान खडकवासल्याच्या आवर्तनावर. आवर्तन लांबले की नळाचे दिवस लांबतात. ऑक्टोबर 2023 अखेरीस राज्य सरकारने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात हे दोन्ही तालुके होते, आणि शेजारचे पुरंदर, बारामती, इंदापूरही.

नळ दिवसाआड किंवा तीन दिवसांनी येतो तेव्हा घरातली बाई काय करते? हाती लागेल ते भांडे भरून ठेवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. टँकर येणार या भरवशावर राहिलेल्या घराला ‘पाणी साठवू नका’ असे सांगणारे भित्तिपत्रक लावणे ही क्रूर थट्टा आहे. भरलेले पिंप रिकामे करा म्हटल्यावर आशाताईला दारातच ऐकावे लागते: ‘ताई, उद्या पाणी तुम्ही आणून देणार का?’ या प्रश्नाला आरोग्य खात्याकडे उत्तर नाही. ते पाणीपुरवठा खात्याकडे, पाटबंधाऱ्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे आहे. डेंगीचा आढावा घ्यायला बसणाऱ्या बैठकीत ही माणसे क्वचितच असतात.

दुष्काळ आणि हा डास यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. चिकुनगुन्या भारतात प्रथम 1963 मध्ये कलकत्त्यात आढळला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1973 मध्ये, त्याची मोठी साथ आली ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. गावातली एक तृतीयांशाहून अधिक माणसे आजारी पडली असे तेव्हाच्या पाहणीत आढळले. 1973 म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाची सावली. दुष्काळानेच साथ आली असा पुरावा कुणी मांडलेला नाही आणि तसा दावा इथे करायचाही नाही. पण पाण्याला महाग झालेल्या गावात हंडे-रांजण भरून ठेवायची वेळ येते आणि एडिसला तेवढेच हवे असते. बार्शीनंतर चिकुनगुन्या तीन दशके भारतातून जवळजवळ नाहीसा झाला. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 मध्ये देशभर 13 लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत होता. त्या वर्षी ज्यांचे गुडघे-मनगटे धरली, त्यातल्या काहींना वर्षभर मूठ वळता येत नव्हती. कांदा काढणारी, धारा काढणारी, ऊस तोडणारी माणसे ही. चिकुनगुन्याने सहसा जीव जात नाही म्हणून त्याला हलके लेखणाऱ्यांनी रोजंदारीवरच्या बाईला विचारावे.

भांड्यांची यादी घरापाशी थांबत नाही. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यात कामगारांसाठी दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या आहेत. दारापुढे प्रत्येकाचे पिंप, वर बिनझाकणाची सामाईक टाकी. खोलीत राहणारा बिहारचा किंवा मराठवाड्याचा पोरगा, टाकी मालकाची, मालक गावात. टाकी कोण घासणार? नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर पंक्चरच्या दुकानांबाहेर टायरांच्या थप्प्या असतात. पहिल्या पावसात प्रत्येक टायर पाण्याने भरतो. दौंडच्या गुऱ्हाळांवर जळण म्हणून टायर आणि प्लास्टिकचे भंगार वापरले जाते, अशा धुराच्या तक्रारी कित्येक वर्षे होत आल्या आहेत. ते भंगार पेटण्याआधी पावसात पडून असते तेव्हाही उपद्रव करते, इकडे मात्र कुणाचे लक्ष नाही.

डास स्वतः फार लांब जात नाही. जन्मल्या ठिकाणापासून चारशे मीटरच्या आतच बहुधा त्याचे आयुष्य सरते. विषाणूला लांब नेतो तो माणूस. दौंड ते पुणे सुमारे 75 किलोमीटर आणि ही ये-जा रोज हजारो माणसे रेल्वेने करतात. 2024 च्या जूनमध्ये पुण्याच्या एरंडवण्यात एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी यांना झिका झाल्याचे निष्पन्न झाले. त्या वर्षअखेर राज्यात झिकाचे 140 रुग्ण नोंदले गेले. त्यातले 125 पुण्याचे आणि 11 नगर जिल्ह्यातले. शिरूर बरोबर मधे आहे. घोड नदीच्या अलीकडे पुणे, पलीकडे नगर.

झिका बहुतेकांना जाणवतही नाही. पाचांपैकी चौघांना काही लक्षणे नसतात. उरलेल्याला हलका ताप, पुरळ, डोळे लाल. भीती आहे ती गर्भाला. 2015-16 मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्मू लागली तेव्हा जगाला हे उमगले आणि 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. झिका शरीरसंबंधातूनही जातो, म्हणून तर बेलसरमध्ये निरोध वाटावे लागले. गरोदर बाईला ताप किंवा पुरळ आले तर गावच्या डॉक्टरकडून सुई टोचून घेऊन घरी न थांबता तिने सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून तपासणी करून घ्यावी, हे सासूला पटवणे हे आशाताईचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम. जाता जाता एक गोष्ट: भारतातल्या माणसांना झिका होऊन गेला असल्याचे पुरावे सत्तर वर्षांपूर्वीचे आहेत. पुण्यात 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. त्याच काळात स्मिथबर्न, केर आणि गटने या संशोधकांनी भारतीयांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि 196 पैकी 33 जणांत झिकाला रोखणारी प्रतिपिंडे आढळल्याचे 1954 मध्ये प्रसिद्ध केले. शेजारच्या भावंड विषाणूंमुळे अशा चाचण्यांत गफलत होऊ शकते हे खरे. तरी झिका परदेशातून काल आलेला पाहुणा, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

डेंगीची गोष्ट निराळी, कारण तिथे जीव जातो, आणि पुष्कळदा चुकीच्या काळजीपायी जातो. ताप आला की पहिला प्रश्न ‘पेशी किती?’ मग पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचे दूध आणि पेशींच्या आकड्यावर घरच्यांचे डोळे. प्लेटलेट कमी होणे हे डेंगीत ठरलेलेच. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्याला घाबरून त्या चढवून घेतल्याने फायदा होत नाही. धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याचा, आणि तो बहुधा ताप उतरतो त्या वेळी, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान येतो. घरचे म्हणतात, ताप गेला, आता बरे आहे. नेमक्या त्याच दोन दिवसांत पोट सारखे दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त, हातपाय गार पडणे, पोर मलूल होणे यांतले काहीही दिसले तर शेजारी कोण काय म्हणतो ते न ऐकता रुग्णाला शिरूर, यवत किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयात हलवायला हवे. त्याआधीच्या दिवसांत पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. ताक, भाताची पेज, लिंबूपाणी, मीठ-साखरेचे पाणी. अंगदुखी असह्य झाली म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन आणून घेणे मात्र घातक, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. चिकुनगुन्याच्या सांधेदुखीवरही डेंगी नाही हे कळेपर्यंत या गोळ्यांना हात लावू नये. आणि दोन्ही ताप एकाच गावात फिरत असतात, हे बेलसरने दाखवलेच आहे.

तपासणीचेही असेच. ताप येऊन पाच दिवसांच्या आत एनएस-1 चाचणी, त्यानंतर आयजीएम चाचणी. झटपट पट्टीवरच्या चाचणीला सरकारी कार्यक्रम पक्के निदान मानत नाही. पक्के निदान एलायझाचे. देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांना डेंगी आणि चिकुनगुन्याचे आयजीएम संच पुरवते ती पुण्याचीच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. जिल्ह्याचे हे भाग्य म्हणायचे, पण खासगी दवाखान्यात पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ निघालेला रुग्ण सरकारी नोंदीत येत नाही तोवर त्या गल्लीत कुणी अळी शोधायला जात नाही.

आता धुराकडे. रुग्ण सापडला की गावाला धूर हवा असतो. ट्रॅक्टरवर किंवा खांद्यावर मशीन, संध्याकाळी गल्लीतून पांढरा लोट, पोरे मागे धावताहेत. सरपंचाचे काम दिसते, फोटो निघतो. धुराने मरतो तो त्या घटकेला हवेत असलेला डास. एडिस तेव्हा घरात असतो: खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या पाठीशी. घरमालकिणीने तर वास नको म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या असतात. अळ्यांना धुराचे सोयरसुतक नाही. आठवड्याने नवी पिढी हजर. साथ भडकली असताना रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी करायला नियमांत जागा आहे, ती रास्तही आहे. पण रस्त्यावरचा धूर म्हणजे ग्रामपंचायतीच्या पैशाने केलेली जाहिरात, याहून सौम्य शब्द सुचत नाही.

गटारे बुजवू नयेत असा याचा अर्थ नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे खणून सांडपाणी जिरवले, उघडी गटारे संपवली आणि डास कमी केले. हे मॉडेल राज्यभर गाजले आणि गाजायलाच हवे होते. क्युलेक्सवर शोषखड्डा रामबाण. पिंपातल्या एडिसला मात्र शोषखड्ड्याशी घेणे-देणे नाही, आणि एकाच उपायाने सगळे डास जातील असे गावाला सांगणाऱ्याने पुढच्या पावसाळ्यात उत्तर द्यायला तयार असावे.

डास रोखायचा तर घरातल्या पाण्यावर झाकण हवे, हा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वी गिरवला. चार्ल्स बेंटले यांनी 1911 मध्ये मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि बोट ठेवले ते घराघरांतल्या विहिरींवर. विहिरी बुजवताना, झाकताना धार्मिक भावनांपासून मालकी हक्कापर्यंत सगळे वाद झाले. पण आजही मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 381 खाली टाकीला डासरोधक झाकण नसेल तर सोसायटीला नोटीस निघते, दंड होतो. ग्रामपंचायत हद्दीतल्या चाळमालकाला अशी नोटीस देणारा कुणी नाही. रांजणगाव-सणसवाडीची लोकवस्ती शहराची झाली आहे, कारभार मात्र खेड्याचाच. चाळीच्या परवानगीशी आणि घरपट्टीच्या पावतीशी झाकण जोडले तर पुष्कळ काम होईल. मालक रागावतील, हा त्यातला अडथळा, आणि मालक बहुधा पंचायतीतच बसलेले असतात.

अळ्या मोजायची पद्धत तयारच आहे. आरोग्यसेवक आणि आशाताई कंटेनर सर्वेक्षण करतात: शंभर घरांत किती घरांत अळी मिळाली तो हाऊस इंडेक्स, शंभर घरांमागे अळीची भांडी किती तो ब्रेटो इंडेक्स. मोठ्या टाकीत अबेट हे अळीनाशक टाकतात, हौदात गप्पी मासे सोडतात. हे आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातून वर जिल्हा हिवताप अधिकाऱ्याकडे जातात. गावाला कधी कळत नाहीत. दुधाच्या फॅटचा आकडा डेअरीच्या फळ्यावर रोज लागतो. अळीचा आकडा वॉर्डनिहाय ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवड्याला लागायला काय हरकत आहे? कुणाच्या वॉर्डात किती, हे कळले की बोलणी सुरू होतात.

पाणी रोज येईल तो दिवस लांब आहे, हे धरूनच चालले पाहिजे. तोवर पिंप राहणार, आणि पिंपाला घट्ट झाकण किंवा निदान मच्छरदाणीचे कापड टाकून ट्यूबच्या रबरी पट्ट्याने आवळलेले तोंड हवे. शौचालयाच्या व्हेंट पाइपलाही जाळी बांधायची. हा खर्च किरकोळ. पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून पोरे वेल्डिंग, फॅब्रिकेशन, फेरोसिमेंट शिकतात. तालुक्यातल्या पिंपांच्या मापाची झाकणे तिथे किंवा एखाद्या आयटीआयमध्ये सहज बनतील. मागणी नोंदवणारे हवे.

ती मागणी नोंदवायची जागाही ठरलेली आहे. दर वर्षी उन्हाळ्याआधी तालुक्याचा टंचाई आराखडा बनतो: कोणत्या वाडीला टँकर, कोणती विहीर अधिग्रहित, कुठे विंधन विहिरीची दुरुस्ती. टँकरने पाणी येणार म्हणजे त्या वाडीतले प्रत्येक घर पाणी साठवणार, हे आराखडा करणाऱ्याला माहीत असते. तरी त्यात झाकणाची, जाळीची ओळ नसते. 1 मेच्या ग्रामसभेत टँकरचा ठराव होतोच. त्याच ठरावात टँकरच्या वाडीतल्या प्रत्येक पिंपाला झाकण आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात घरोघरच्या भांड्यांची घासणी, अशा दोन ओळी केंदूर-पाबळच्या किंवा खोर-पडवीच्या गावकऱ्यांनी घालून घ्याव्यात, आणि त्याचा खर्च धुराच्या खात्यातून वळता करावा.